नणंद-भावजय आणि कोर्तेझचा समुद्र

मिनेसोटातल्या आमच्या ईडन प्रेरीहून कुठल्याही दिशेला गाडी काढा, समुद्र काही लवकर भेटत नाही. तळी हवी तेवढी. प्रत्येक वळणावर एक, हिवाळ्यात गोठून पांढरी पडलेली. अशा ठिकाणी राहून, पन्नाशी उलटल्यावर मी पाण्याखाली श्वास घ्यायला शिकले, ते माझ्या नणंदेमुळे.

सुलभावन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची, विनयची, मोठी बहीण. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे, पार्सिपनीला राहतात. तिथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं नोकरी करून रिटायर झाल्या. माहेर देवबागचं, मालवणच्या खाली, जिथे घराच्या एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. मी सोलापूरची. आमच्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी यायचं, आणि आलं की पातेली, कळश्या, प्रसंगी आमटीच्या वाट्यासुद्धा भरून ठेवायच्या. पोहायला मी इथल्या कम्युनिटी सेंटरच्या तलावात शिकले, दात पडलेल्या मुलांच्या रांगेत उभी राहून.

दोघींचं पटत नव्हतं असं नाही. पटायचं, पण लांबून. दिवाळीला फोन, राखीला पाकीट, लग्नकार्यात एकमेकींच्या साड्यांचं कौतुक. एका उन्हाळ्यात त्या आमच्याकडे आल्या होत्या. डेकवर चहा पिताना मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "हे बघ. देवबागला आता स्कूबा सुरू झालंय. पुण्याचे लोक येतात, माझ्या समुद्राचा तळ बघून जातात. आणि मी बाई जन्मभर वरवर पोहत राहिले."

"मग शिका ना आता," मी सहज म्हणाले.

"एकटी? जोडीदार लागतो त्याला. तू चल."

अशी मी अडकले.

वन्संनी आमच्याकडचा मुक्काम वाढवला, आणि क्लास झाला तो क्लोरीनच्या वासाच्या तलावात. शेवटची परीक्षा मात्र उत्तर मिनेसोटातल्या एका बंद पडलेल्या लोखंडाच्या खाणीत. खाण बंद झाली, पंप थांबले, झऱ्यांचं पाणी चढत गेलं आणि काठावरची बर्चची झाडं उभीच्या उभी बुडाली. अजून तशीच उभी आहेत, पानांशिवाय, पांढरी. मी खाली गेले तेव्हा त्या फांद्यांमधून छोटे मासे इकडून तिकडे जात होते, संध्याकाळी चिमण्या जातात तसे. थंडीने ओठ बधिर झाले होते. पण मला वर यावंसंच वाटेना.

"आता खरा समुद्र," वर आल्यावर वन्सं म्हणाल्या. त्यांचे दात वाजत होते.

खऱ्या समुद्राचे बेत हिवाळाभर फोनवर चालले. कॅरिबियनकडचे रिसॉर्ट, विमानाची तिकिटं, सगळं बघून झालं. वन्सं म्हणाल्या, "मासे बघायला जायचं आणि हॉटेलात गालिचे तुडवायचे, हे मला नाही पटत. विनूची ती जुनी व्हॅन आहे ना?" मग मी नकाशा उघडला. ॲरिझोनाच्या खाली, मेक्सिकोच्या अंगाला समुद्राची एक लांब जीभ आत शिरलेली दिसते. तिला कोर्तेझचा समुद्र म्हणतात. तिच्या काठावर सान कार्लोस नावाचं गाव आणि तिथपर्यंत सरळ रस्ता. ॲरिझोनातले लोक शनिवार-रविवारी जाऊन येतात, असं कळलं. आम्ही जरा जास्त उत्तरेला राहतो, एवढाच फरक.

विनयने आधी कपाळाला हात लावला. "दोघी? ड्राइव्ह करत? मेक्सिकोला?" पण तो इंजिनीअर माणूस. काळजी वाटली की काहीतरी बांधायला घेतो. त्याने व्हॅनच्या मागच्या सीट काढल्या, प्लायवूडचा पलंग बसवला, पडदे लावले आणि एकच अट घातली: गाडी फक्त उजेडात चालवायची. सूर्य मावळला की जिथे असाल तिथे मुक्काम.

भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. वन्सं विमानाने आधीच येऊन राहिल्या होत्या. पलंगाखाली पाण्यात वर-खाली व्हायला हवा भरायची जाकिटं, पायातल्या फिन्स, मास्क. आणि पलंगावर फराळाचे डबे, कारण ते वन्संना पायाशी चालणार नव्हते.

कॅन्सस

आयोवा कधी आलं आणि कधी गेलं मला आठवत नाही. मक्याची कापणी झालेली, सगळीकडे पिवळट खुंट. पण कॅन्ससमध्ये एके ठिकाणी झाडंच संपली. नुसत्या टेकड्या, त्यांवर तांबूस वाळलं गवत, आणि वारा आला की त्या अख्ख्या टेकड्या हलल्यासारख्या दिसायच्या. वन्सं गाडी चालवत होत्या. त्यांनी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाल्या, "ही भरती आहे बघ. फक्त पाणी काढून घेतलंय."

संध्याकाळी एका कॅम्पग्राउंडवर थांबलो. वन्संनी छोट्या शेगडीवर कुकर चढवला. आजूबाजूला भलेमोठे आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरंच, त्यांच्यासमोर खुर्च्या टाकून बसलेली म्हातारी जोडपी, सगळीकडे अगदी शांत. आणि त्या शांततेत आमच्या कुकरने शिट्टी दिली.

शेजारचे आजोबा खुर्चीतून उठले ते थेट आमच्याकडे. हातात फायर एक्स्टिंग्विशर.

"गॅस लीक होतोय का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"नाही, भात होतोय," वन्संनी त्यांना तितक्याच गंभीरपणे सांगितलं. तेवढ्यात दुसरी शिट्टी झाली आणि आजोबा दोन पावलं मागे सरकले. मग मात्र आम्हाला तिघांनाही हसू आवरेना. त्यांची बायको काय झालं बघायला आली. दोघांनी आमच्याबरोबर आमटी-भात खाल्ला. आजोबांना लसणाचा वास आवडला. आजींनी चकली फार आवडीने खाल्ली आणि ही मशीनने करतात का, विचारलं. कुठे चाललात म्हटल्यावर आम्ही सांगितलं. आजींनी हातातली चकली खाली ठेवली.

"समुद्राच्या खाली," त्या म्हणाल्या. "मी अजून समुद्र वरूनसुद्धा पाहिला नाही."

कॅन्ससमध्ये आयुष्य काढलेली ती बाई. मला एकदम माझी आई आठवली, जी गेली तेव्हा तिनेही समुद्र पाहिलेला नव्हता. मी त्यांच्या हातावर आणखी दोन चकल्या ठेवल्या.

ओक्लाहोमाची लाल माती, टेक्ससचा सपाट कोपरा, न्यू मेक्सिको. इथून पुढे आकाश वाढत जातं आणि माणूस कमी बोलायला लागतो. आम्ही दोघी तासन् तास गप्प बसायचो. घरात नणंद-भावजय गप्प बसल्या की काहीतरी बिनसलंय असं वाटतं. इथे तसं नव्हतं. डोंगर निळे दिसायचे, जवळ गेलं की तपकिरी, मागे पडले की पुन्हा निळे. मला कधी झोप लागायची, कधी जाग यायची, आणि झोपेतला रस्ता कुठला नि जागेपणीचा कुठला ते लक्षात राहायचं नाही.

सरहद्दीपलीकडे

नोगालेसला सीमा ओलांडली. आमचा अमेरिकन विमा तिकडे चालत नाही, म्हणून गाडीचा वेगळा विमा काढावा लागतो, तो काढला होता. दुसरा काही त्रास झाला नाही. पण सीमेवरच्या भिंतीच्या त्या बाजूला आल्याबरोबर माझे खांदे सैल पडले. कारण सांगता येणार नाही. रस्त्याच्या कडेला माणसं होती. नुसती उभी असलेली, बसलेली, काही विकणारी, न विकणारी. मिनेसोटात इतक्या वर्षांत मला रस्त्यावर नुसता बसलेला माणूस दिसलेला नाही.

एका गावात जेवायला थांबलो. लाकडाचा धूर, पत्र्याची शेड. आत एक बाई गव्हाच्या पिठाचा गोळा दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत ताणत मोठा मोठा करत होती. पार पलीकडचं दिसेल इतका पातळ झाला की तिने तो उपड्या घातलेल्या लोखंडी घमेल्यासारख्या तव्यावर टाकला.

वन्सं माझा दंड धरून म्हणाल्या, "अलका, मांडे!"

खरंच मांडे. फक्त आत पुरण नाही. माझी खानदेशातली मावशी अगदी अशाच उपड्या खापरावर करायची. मी त्या बाईला हातवारे करून सांगायचा प्रयत्न केला की आमच्याकडेसुद्धा. तिला काय समजलं कोण जाणे, पण तिने हसून पिठाचा गोळा माझ्या हातावर ठेवला. मी ताणला आणि मधोमध भोक पडलं. तिने तो माझाच म्हणून वेगळा भाजून दिला. वन्संनी पर्समधून शेंगदाण्याची चटणी काढली. गरम पोळी, त्यांचं चीज, आमची चटणी. असं जेवण मी पुन्हा जेवेन असं वाटत नाही.

पुढच्या गावांमध्ये दफनभूमींना झेंडूच झेंडू. नुकतेच त्यांचे पितरांचे दिवस होऊन गेले होते. गेलेल्या माणसाच्या आवडीचं जेवण आणि फुलं मांडून ठेवतात म्हणे. आपण कावळ्याची वाट बघतो, हे कोणाचीच वाट बघत नाहीत. येणारा आलेलाच आहे असं धरून चालतात. सुकत चाललेल्या झेंडूचा वास गाडीच्या खिडकीतून आत आला आणि बराच वेळ राहिला.

सान कार्लोस

वाळवंट समुद्रात उतरताना मी पहिल्यांदा पाहिलं. एका वळणावर खांबासारखे उंच निवडुंग, त्यांच्यामागे दोन शिखरांचा एक तांबडा डोंगर, आणि डोंगराच्या पायाशी सरळ निळं पाणी. मध्ये माड नाहीत, हिरवळ नाही, काही नाही. देवबागच्या बाईला हे पचेना. "समुद्राजवळ एवढं कोरडं?" त्या सारख्या म्हणत होत्या. मला मात्र अगदी ओळखीचं वाटलं. कोणीतरी सोलापूरच्या माळाला समुद्र आणून दिला होता.

पण समुद्र मिळाला नाही. उत्तरेचा वारा सुटला होता आणि बंदरातून होड्या सोडणं बंद होतं. डायव्हिंगच्या दुकानातली मारिसोल, जी आम्हाला घेऊन जाणार होती, पस्तिशीची, उन्हाने रापलेली, तुटक पण स्पष्ट इंग्रजी बोलणारी, ती रोज सकाळी बाहेर येऊन वाऱ्याकडे तोंड करून उभी राहायची आणि मान हलवायची. नाही. आज नाही.

आम्ही व्हॅन किनाऱ्यालगतच्या ट्रेलर पार्कात लावली होती. दिवसभर काही काम नाही. पेलिकन पक्षी वाऱ्यावर लटकल्यासारखे एका जागी राहायचे आणि मग हातातून काहीतरी पडावं तसे पाण्यात पडायचे. वन्सं आडोशाच्या खाडीत जाऊन पोहायच्या. पोहायच्या कसल्या, लाटेवर पाठ टाकून पडून राहायच्या, दोन्ही हात डोक्याखाली, खाटेवर पडल्यासारख्या. मी काठावर बसून बघायचे. साठी ओलांडलेली, गुडघे दुखणारी, जिना चढताना कठडा धरणारी ही बाई पाण्यात गेली की तिला वजनच नसायचं. तिला कधी कसली भीती वाटत असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

मग एका सकाळी जाग आली ती आवाज नसल्यामुळे. पडदा हलत नव्हता. मारिसोल दुकानाबाहेर उभी होती आणि तिने लांबूनच दोन बोटांचा गोल करून दाखवला.

बेट

बेटोची होडी लांब, उघडी, निळ्या रंगाची. बेटो म्हणजे कॅप्टन. पोट सुटलेला, मिशा पांढऱ्या, बोलणं जवळजवळ नाही. आमच्याबरोबर ॲरिझोनाचं एक तरुण जोडपं होतं. किनारा मागे पडला, तो तांबडा डोंगर लहान होत गेला, आणि समोर पाण्यातून एक उघडंबोडकं बेट वर आलं. त्याच्या खडकांवर समुद्रसिंह पसरले होते. त्यांच्या भुंकण्याचा आवाज आणि वास दोन्ही आधी पोचले.

पाठीमागे कलून पाण्यात पडायचं. आकाश, पाय, पाणी. मग हळूहळू जाकिटातली हवा सोडायची. कानात दुखलं की नाक दाबून हवा फुंकायची. आणि मग एका क्षणी वरचं सगळं बंद होतं. समुद्रसिंहांचं भुंकणं, इंजिन, माणसं, सगळं. राहतो फक्त आपला श्वास.

काय पाहिलं ते सांगायला बसले तर नुसती नावं होतील, आणि मला निम्म्यांची नावं येत नाहीत. खडकांवर प्रवाळांचे जांभळे पंखे डुलत होते. निळ्या ठिपक्यांचा एक मासा माझ्या चेहऱ्यासमोर येऊन थांबला, काही विचारायचं असावं तसा, आणि उत्तर न घेता गेला. समुद्रसिंहांची पिल्लं आमच्याभोवती गिरक्या घेत होती, उलटी होऊन बघत होती, तोंडातून फुगे सोडून आमची नक्कल करत होती. वन्संनी माझ्याकडे वळून हात पसरले, म्हणजे बघ, हे बघ. मास्कच्या आत त्यांचे डोळे लहान मुलीसारखे झाले होते.

दुसऱ्यांदा उतरलो ते बेटाच्या टोकाजवळ. मारिसोल पुढे, ॲरिझोनाचं जोडपं, मग वन्सं, आणि शेवटी मी. तिथे सार्डिन मासे आले. आधी एखादी सावली सरकावी तसं वाटलं. मग माझ्या चारही बाजूंनी चांदी. हजारो छोटे मासे एकाच वेळी वळत होते, आणि वळले की सगळा उजेड बदलत होता. खाली नाही, वर नाही, नुसती झळाळी. मी हात पुढे केला की तेवढ्याच आकाराची वाट उघडायची आणि मिटायची. मी किती वेळ त्यात होते ते खरंच माहीत नाही.

पडदा सरकला तेव्हा समोर कोणी नव्हतं.

शिकवलेलं आठवलं. गोल फिरून बघायचं, थोडं थांबायचं, नाही दिसले तर सावकाश वर जायचं. मी तसंच केलं. वर आले, जाकिटात हवा भरली, मास्क लाटेने जाऊ नये म्हणून कपाळावर न घेता गळ्यात उतरवला. बेट होतं, पण उलट्या बाजूने दिसत होतं. होडी नव्हती. पाण्याला ओढ होती आणि तिने मला टोकाच्या पलीकडे आणून सोडलं होतं.

मी शिट्टी वाजवली. वाऱ्याने नाही, पण समुद्रसिंहांच्या आवाजाने ती गिळली. होडीवरून दिसावी म्हणून दिलेली नारिंगी नळी काढली आणि फुगवून उभी केली. आणि मग करायला काही उरलं नाही.

आता सांगताना मला स्वतःलाच आश्चर्य वाटतं. भीती आली, मी मोठ्याने "वन्सं!" अशी हाकसुद्धा मारली. पण ती भीती एका ठिकाणी येऊन थांबली. पाणी उबदार होतं. लाट उचलायची आणि ठेवायची. बेट हळूहळू लांब चाललं होतं, जसं गाडीतून बघताना गाव लांब जातं. निळ्या पायांचा एक पक्षी वरून गेला. मला वाटलं, माझ्या आईने वाट्यांमध्ये भरून ठेवलेलं ते सगळं पाणी कुठून आलं असेल, तर ते इथून. मी पाठीवर पडले. वन्सं पडतात तशी. त्या अफाट पाण्यावर सोलापूरची एक बाई नारिंगी नळी छातीशी धरून पडून राहिली, आणि तिला थोडा वेळ असं वाटलं की हे असंच चालू राहिलं तरी आपली काही तक्रार नाही.

मग इंजिनाचा आवाज आला.

होडीच्या टोकाला वन्सं उभ्या होत्या, एका हाताने दोर धरून. बेटोने मला काखेत धरून वर ओढलं. मी अजून नीट बसलेही नव्हते तोवर वन्संनी माझे दोन्ही खांदे धरून मला गदागदा हलवलं. "खंय होतंस गो तू? खंय होतंस?" घरातसुद्धा माझ्याशी कधी मालवणी न बोलणारी बाई. मी म्हणाले, "इथेच होते, वन्सं. मासे बघत होते." त्यांनी मला छातीशी घट्ट धरलं, आणि मग सोडून होडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. बंदर येईपर्यंत पाण्याकडे बघत राहिल्या.

दुसरा दिवस

सकाळी मी उठले तर वन्सं जाकिटं पिशवीत भरत होत्या.

"निघू या," त्या म्हणाल्या. "बघायचं ते बघून झालं."

"मारिसोलने आज पुन्हा बोलावलंय. ते जोडपं गेलं. आपण दोघीच आहोत."

"मी विनूला काय तोंड दाखवलं असतं? सांग ना. काय सांगितलं असतं फोनवर?"

"पण मी सापडले ना."

"सापडलीस!" पिशवीची चेन त्यांच्याच्याने लागेना. मी चहा केला आणि कप त्यांच्या हातात न देता बाजूला ठेवला. त्या पलंगाच्या काठावर बसल्या.

"आमचो धाकटो काको," त्या म्हणाल्या आणि मग सावरून नेहमीच्या मराठीत बोलायला लागल्या. "मी सात-आठ वर्षांची असेन. विनू पाळण्यात. काका होडी घेऊन गेला आणि संध्याकाळी आला नाही. बाकी सगळ्या होड्या आल्या. मला कोणी घरात नेलं तरी मी परत किनाऱ्यावर जायची. आजी रडत होती, आई रडत होती. मी रडले नाही, मी नुसती बघत बसले."

"मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी दुपारी आला. वेंगुर्ल्याच्या बाजूला लागला होता, तिथे कोणाकडे तरी पोटभर जेवून, हसत हसत आला. येताना माझ्यासाठी लाडू घेऊन आला." त्यांनी कप उचलला. "मी वर्षभर त्याच्याशी बोलले नाही. काल त्या होडीवर तेच. बेटो गोल गोल फिरत होता आणि मी पाण्याकडे बघत होते. समुद्रात मला भीती वाटत नाही, अलका. मला काठावर भीती वाटते."

इतक्या वर्षांत त्यांनी मला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट. जे मनात होतं तेच बोलले.

"वन्सं, मी आज नाही उतरले तर परत कधी उतरणार नाही. मला माहितेय. मी मिनेसोटाला जाईन, आणि मग हे एक काहीतरी होऊन गेलेलं असेल. मला परत जायचंय. मारिसोलबरोबर जाते, तिचा हात धरून. तुम्ही हवं तर इथे थांबा."

त्यांनी चहा संपवला. बाहेर पेलिकन पडल्याचा आवाज आला.

"होडीवर येते," त्या म्हणाल्या. "उतरणार नाही."

बेटाजवळ पोचल्यावर मी तयार झाले. मारिसोलने माझी श्वासाची नळी तपासली, जाकीट ओढून पाहिलं, आणि आज डोळ्याआड व्हायचं नाही असं बोट रोखून बजावलं. वन्सं फळीवर बसल्या होत्या, टॉवेल गुंडाळून, नजर पाण्यावर. मी होडीच्या काठावर बसून मास्क लावला.

"थांब," त्या म्हणाल्या.

मी वळले.

"तू खाली जाणार, आणि मी इथे बसून बघत राहणार?"

"फार वेळ नाही लागणार, वन्सं."

"माझ्याच्याने नाही होणार ते. पुन्हा नाही." त्या उठल्या, टॉवेल टाकला. "माका भीती वाटता गो. पण तुझ्याबरोबर वाटली तर चालेल."

बेटोने त्यांची हवेची टाकी उचलली. सगळं सामान त्याने आधीच होडीत आणून ठेवलं होतं.

आम्ही हात धरून उतरलो. त्यांच्या बोटांची पकड इतकी घट्ट की माझी अंगठी रुतत होती. थोडं खाली गेल्यावर त्या थांबल्या, डोळे मोठे, श्वास भराभर, फुगेच फुगे. मी त्यांच्यासमोर आले. हात खाली-वर करून दाखवला: सावकाश. मी श्वास घेतला, त्यांनी घेतला. मी सोडला, त्यांनी सोडला. कोणी कोणाला शिकवत नव्हतं. नुसत्या समोरासमोर तरंगत होतो, निळ्या कोठीत दोन बायका. मारिसोल थोडी लांब थांबून बघत होती. हळूहळू बोटं सैल झाली. हात सुटला नाही, पण सैल झाला.

आम्ही खडकाच्या कडेने गेलो. उजेड वरून पट्ट्यांनी उतरत होता आणि त्या पट्ट्यांमधून समुद्रसिंहाचं एक पिल्लू आलं. वन्संच्या पिवळ्या फिनकडे बघत राहिलं. मग पुढे होऊन त्याने ती दातात धरली आणि ओढली. वन्सं दचकल्या. पिल्लाने सोडली, एक गिरकी घेतली आणि पुन्हा धरली. आणि मला ऐकू आलं, पाण्यातून, तोंडातल्या रेग्युलेटरमधून, माझी नणंद हसत होती. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. खोल विहिरीत घागर बुडावी तसा. फुग्यांचा एक मोठा लोट वर निघाला. मी त्याच्याकडे मान वर करून बघत राहिले, पार वरच्या चमकत्या छतापर्यंत.

परतीच्या वाटेवर मारिसोलने संत्री कापून त्यावर तिखट-मीठ टाकून दिलं. आम्ही तिला शेवटची चिवड्याची पिशवी दिली, ती तिने आणि बेटोने मिळून संपवली. ऊन पाठीवर पडलं होतं. मिठाने कातडी ओढल्यासारखी झाली होती. वन्सं काहीतरी सांगत होत्या, त्या पिल्लाच्या मिशांबद्दल, आणि वाक्याच्या मध्येच त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. ओले पांढरे केस, संत्र्याचा वास, घोरणं अगदी हलकं.

होडी बंदराच्या तोंडाशी आली. धक्का दिसायला लागला, त्यावरची माणसं, दुकानं, आमची पडदे लावलेली व्हॅन. बेटोने इंजिन कमी केलं आणि मागे वळून पाहिलं. त्याने वन्संकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खांदा हलवला नाही.

बेटोने सुकाणू वळवलं. धक्का एका बाजूला सरकत गेला, आणि होडी अगदी हळू, फारसा आवाज न करता, पुन्हा खाडीतल्या उन्हात निघाली.